कोंबातल्या घराबद्दल ताईला

लिस्बन

ती. सौ. ताईस, सा. न.

तुझा फोन आला तेव्हा मी कामावर होतो, नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मडगावच्या कोंबातलं आपलं घर बिल्डरला विकायचा व्यवहार दादाने बराच पुढे नेलाय आणि कागद सावंतवाडीला तुझ्या सहीसाठी येणार आहेत. ताई, सही करायची घाई करू नकोस. मी तर करणार नाहीच. का, ते तुला आधी सांगतो.

बिल्डरचा माणूस दादाला म्हणाला की ही जुनी पोर्तुगीज घरं, आज ना उद्या पडणारच. मी पोर्तुगालच्या राजधानीत राहतो. आपल्या घरासारखं घर मला इथे कुठे दिसलं नाही. जुन्या भागातल्या घरांचे दरवाजे थेट रस्त्यावर उघडतात, भिंतीला भिंत लागलेली, दर्शनी बाजूला रंगीत टाइल्स. लोटलीच्या घरांपुढे समोरासमोर बसायच्या बैठका असलेलं जे बाल्कांव, म्हणजे दारापुढची ओसरी, असते, तीसुद्धा इथे नाही. मग आपलं राजांगण, घराच्या मधला उघडा चौक, कुठून असणार! आपलं घर गोंयच्या गवंड्यांनी आणि सुतारांनी उभं केलं, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, आणि चुन्याचं.

आणि ते आत तोंड करून का बसलंय, याचा विचार कर. साष्टीतली, म्हणजे मडगावच्या आसपासच्या गावांतली, देवळं पोर्तुगीजांनी 1567 मध्ये पाडली. मडगावच्या दामोदराला लोकांनी जांबावलीला नेलं. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1812 पर्यंत चाललं. त्या काळात हिंदूंनी पूजाअर्चा घराच्या पोटात सांभाळली. रस्त्यावरून भिंत दिसावी. तुळस, देवघर, माजघर सगळं चौकाभोवती आत. धोका टळल्यावरही आपल्या लोकांनी घरं तशीच बांधली. आईने ज्या चौकात वाल सोलले, तिथे हा सगळा इतिहास आहे. जवळच दामोदर साळ आहे, 1892 मध्ये विवेकानंद उतरले होते ती. कार्तिकात हरिमंदिरातून दिंडी निघते तीही याच जुन्या वाड्यांतून. एकेक घर गेलं की दिंडी नुसती फ्लॅटांच्या पार्किंगसमोरून जाईल.

बोर्ड्याचं सात बुर्जांचं घर तुला आठवतं ना? लहानपणी तू मोजायला लागायचीस आणि तीनच भरायचे. 1790 च्या सुमारास दा सिल्वा नावाच्या, व्हाइसरॉयच्या सेक्रेटरीने ते बांधलं, तेव्हा खरोखर सात उंच छपरं होती. उरली तीन. तरी त्या तीनांसाठी लोक थांबून बघतात.

वाटण्या झाल्या की घर मोडावंच लागतं, असं दादा म्हणतो. चांदरचं मिनेझिस ब्रागांझांचं घर बघ. बाहेरून एकच लांबलचक दर्शनी भाग, आत दोन शाखांची दोन घरं, मधला जिना सामाईक. भिंत पाडली नाही, वाटून घेतली. लोक बघायला येतात, काही देणगी ठेवतात, त्यातून डागडुजीला हातभार लागतो. केप्याला 1787 चा देआंवचा, म्हणजे चर्चच्या डीनचा, वाडा तर खासगी माणसांनीच पुन्हा उभा केला.

आपल्या घराचं दुखणं मी व्हिडिओ कॉलवर नीट बघितलं. मागच्या भिंतीला पोपडे आलेत ते जिथे सिमेंटचा गिलावा केला तिथेच. चिरा पाणी पितो आणि सोडतो. वर सिमेंट बसलं की ओल आतच कोंडते आणि चिरा भुसभुशीत होतो. तो गिलावा काढून चुन्याचा केला पाहिजे. छपराचे वासे बहुतेक शाबूत आहेत, रिपा बदलाव्या लागतील. दोन पावसाळे शाकारणी झालेली नाही, गळती तिथून आहे. माडीवरच्या शिंपल्यांच्या खिडक्या मात्र कुणालाही काढू देऊ नकोस. दादा तिथे ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवायला निघाला होता. तसे शिंपले आता सहज मिळत नाहीत, आणि त्यांतून दुपारी जो उजेड यायचा त्यात आपण तिघं वाचायला शिकलो.

गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. लग्न होऊन सावंतवाडीला गेलीस म्हणून तुझा शब्द कमी होत नाही. दादाची अडचण मला कळते, त्याला पैसे हवे आहेत आणि आजवर घराची कटकट एकट्याने त्यानेच सोसली. त्याचा हिस्सा मी हप्त्याहप्त्याने घेईन. छपराचा पहिला खर्चही माझा. तुझा हिस्सा तू ठेव, एवढंच मागतो.

भावोजींशी बोल. जमलं तर पुढच्या रविवारी दोघं मडगावला जाऊन या, आणि जुना सुतार अजून काम घेतो का विचार. छपराची, मागच्या भिंतीची आणि माडीवरच्या प्रत्येक खिडकीची मापं घेऊन पाठव. पावसाच्या आधी शाकारणी व्हायला हवी.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास