रानपिंगळ्याची हाक स्पीकरवर नको

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या अंकातला रानपिंगळ्याचा, म्हणजे त्या दुर्मिळ छोट्या घुबडाचा, फोटो झकास होता. पण 'हाक वाजवताच पक्षी समोर येऊन बसला' हे सोबत कौतुकानं छापलेलं वाक्य खटकलं. थंडी पडली की तोरणमाळच्या पायथ्याला अन् यावलच्या जंगलात हेच चालतं : मोबाइलवर ध्वनिमुद्रित हाक, खिशातला स्पीकर आणि चार कॅमेरे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८८४ नंतर कोणाला न दिसलेला हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना आपल्या शहाद्याजवळच सापडला. गावातल्या वडा-चिंचेवर चिरर् चिरर् करत भांडणारा साधा पिंगळा त्याचा भाऊबंद. जनुकीय अभ्यासानंतर तर दोघांना एकाच प्रजातीत (इंग्रजीत 'जीनस') धरतात, जाती मात्र वेगळ्या. नवख्याला डोक्यावरचे ठिपके पाहून फरक करावा लागतो, हाक मात्र पार निराळी. रानपिंगळ्याची गोलसर, शिट्टीसारखी. घुबडांना ती आईबापांकडून शिकावी लागत नाही, उपजतच येते.

आवाज ही आपल्या जातीचा जोडीदार ओळखण्याची खूण. या खुणेत घोळ झाला की काय होतं, ते स्वीडनच्या ओलंड बेटावर दिसतं. तिथे दोन जवळच्या जातींचे माशीमार राहतात. हे पक्षी गाणं ऐकून शिकतात, त्यामुळे एका जातीचे काही नर दुसरीचे सूर मिसळून गातात आणि त्या दुसऱ्या जातीच्या माद्या त्यांच्याशी जोडी जमवतात. या संकरातून झालेल्या माद्या वांझ निघतात. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली मांडलेला नियम हाच : ज्या लिंगाची लिंग-गुणसूत्रं बेजोड, ते संकरात आधी बिघडतं, पक्ष्यांत ती मादी. (हेच हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.)

स्पीकरमुळे तोरणमाळला संकर होईल, असं मी म्हणत नाही. नुकसान साधं आहे. हिवाळ्यात यांची वीण सुरू असते. खोटी हाक ऐकून नराला वाटतं, हद्दीत दुसरा घुसला. तो शिकार सोडून धावतो. ढोलीत अंड्यांवर बसलेल्या मादीला तोच खाऊ घालतो. दिवसात चार गाड्या आल्या तर तिनं काय खायचं?

वनखात्यानं नाक्यावरच स्पीकर काढून घ्यावेत. आणि आपणही फोटो छापण्याआधी तो कसा काढला, हे छायाचित्रकाराला विचारावं. हाक वाजवून काढलेला असेल तर कितीही देखणा असो, छापू नये.

— एक निवृत्त प्राध्यापक, शहादा, जि. नंदुरबार