आफ्रिकेतली माणसं पुरवणीतून गायब का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेच्या सहलीवर लेख वाचला. सिंह, जिराफ, तंबूतलं जेवण, सगळं यथास्थित होतं. माणसं मात्र एका वाक्यात आटोपली: 'खेड्यापाड्यांत थांबण्याच्या भानगडीत पडू नये.' या वाक्याला माझी हरकत आहे.

मी एस.टी.चा निवृत्त कंडक्टर. मुलगा टांझानियात दार-ए-सलामला नोकरीला असल्याने मी आणि सौ. तिकडे गेलो आणि तिथून सॅक पाठीला मारून, साध्या बसने, म्बेयावरून हद्द ओलांडून शेजारच्या मालावी देशात शिरलो. करोंगा, म्झुझू करत मालावी तळ्याकाठच्या न्खाटा बे गावी. नुसतं म्हणायला तळं, लांबी जवळपास ५८० किलोमीटर.

तिकडची मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही. चौघांच्या बाकावर पाचवा, मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी मक्याची पोती. कंडक्टर दारात लोंबकळत गावांची नावं ओरडणार. तिकीट नाही, सगळा हिशेब डोक्यात. सुटे नसले की आम्ही तिकिटामागे बाकी लिहून द्यायचो. हा पठ्ठ्या नुसता चेहरा लक्षात ठेवतो आणि उतरताना बरोबर तेवढेच क्वाचा (तिथलं चलन) हातावर टेकवतो. मीही याच धंद्यातला, हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितल्यावर त्याने मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. मग जो चढेल त्याला माझी ओळख करून देणं चालू. भाडं मात्र पूर्ण घेतलं, आणि ते योग्यच.

न्खाटा बेला आम्ही खोली घेतली तिच्या शेजारीच बायका उसिपा वाळवत. बोटाएवढी चंदेरी मासळी. पुरुष रात्री दिवे लावून होड्या काढतात, सकाळी ती मासळी बांबूच्या उंच मांडवावर पसरतात. सौ.चं माहेर रत्नागिरीकडचं. कोणी बोलावलं नाही, काही नाही, ती आपली जाऊन मासळी उलटायला लागली. भाषा एक नाही. दुपारी तिला त्यांनी चुलीपाशीच बसवून घेतलं. न्सिमा म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची उकडच, पण पार घट्ट. लांब लाकडी उलथण्याने दोन्ही हातांनी घोटायची आणि ओल्या डावाने तिचे लांबट गोळे ताटात घालायचे. जेवायच्या आधी घरातलं पोर तांब्या घेऊन येतं आणि प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतं, आधी वडीलधारी, मग बाकीचे. दुकानात नुसतं 'टोमॅटो केवढ्याला?' म्हणून चालत नाही. आधी 'मुली ब्वांजी' (कसे आहात?), मग त्यांनी तुमची चौकशी करायची, मग भाव. संध्याकाळी झाडाखाली पुरुषांचा बावो हा खेळ रंगतो: फळीवर चार रांगा, प्रत्येकीत आठ खळगे, चौसष्ट बिया. एका म्हाताऱ्याने मला बसवून शिकवलं आणि लगेच हरवलंही.

सगळं छान छान आहे असं मी म्हणत नाही. देश जगातल्या सर्वांत गरिबांपैकी. चांबो नावाचा चवदार मासा बेसुमार मासेमारीने फार कमी झालाय, आणि डासांसाठी मिळालेल्या मच्छरदाण्यांची जाळी करून बारकी पिल्लंसुद्धा ओढली जातात. आपल्याकडे मत्स्यालयांच्या दुकानांत जे पिवळे, निळे 'मालावी सिक्लिड' काचेत फिरतात, त्यांचं मूळ घर हेच पाणी. गावातली पोरं त्यातले मासे नावानिशी ओळखतात.

पुरवणीवाल्यांनी भीती घालायचीच असेल तर खऱ्या गोष्टीची घाला. मलेरियाच्या गोळ्या आणि मच्छरदाणी हवीच. आणि काठाशी लव्हाळ्यात, संथ पाण्यात उतरू नये; तिथल्या गोगलगायींमधून बिल्हार्झिया या रोगाचे बारीक जंत पाण्यात येतात आणि कातडीतून अंगात शिरतात. लगेच काही जाणवत नाही, म्हणून परतल्यावर काही आठवड्यांनी तपासणी करावी; औषध आहे. पण तळ्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावं लागतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात हा रोग पूर्वी सापडल्याची नोंद आहे, तरी इथला डॉक्टर स्वतःहून त्याबद्दल विचारेल अशी आशा धरू नये.

आपला,
एक निवृत्त वाहक, कराड