स्कॅलॉप उत्पादनाच्या आलेखामागचे काही

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

निरनिराळ्या देशांच्या स्कॅलॉप (पंख्याच्या आकाराच्या शिंपल्यात राहणारा खाद्य समुद्री जीव) उत्पादनाचा आढावा घेणारा लेख आपल्या दैनिकात वाचला. ज्या देशाची रेषा चढती तो यशस्वी आणि उतरती तो अपयशी, असा जो सूर त्यातून निघतो, तो मात्र पटला नाही.

मुळात हे आकडे एका मापाचे नाहीत. चीनचे उत्पादन बहुतांशी संवर्धनातून येते, तर अमेरिकेचे जवळजवळ सगळे समुद्रतळ ड्रेजने, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या लोखंडी चौकटीच्या जाळ्याने, खरवडून. शिवाय अमेरिकी बोटी शिंपा समुद्रातच टाकून केवळ खायचा पांढरा स्नायू बंदरावर आणतात आणि त्याचे वजन जिवंत स्कॅलॉपच्या जेमतेम आठवा हिस्सा भरते. कोणता आकडा मांसाचा आणि कोणता शिंप्यासकट, हे न सांगता तुलना कशी करायची?

अमेरिकेची चढती रेषा तर बंदीतून आली आहे. डिसेंबर १९९४ मध्ये जॉर्जेस बँक या ईशान्य किनाऱ्यापुढच्या उथळ सागरी भागातील मोठे पट्टे मासेमारीस बंद झाले ते कॉड, हॅडॉक अशा माशांना वाचवण्यासाठी. स्कॅलॉपला त्याचा लाभ आपसूकच मिळाला. ड्रेज फिरायचे थांबल्यावर काही वर्षांतच तेथील साठा कित्येक पटींनी वाढला, १९९९ मध्ये त्यातील काही भाग मर्यादित प्रमाणात खुला झाला आणि २००४ पासून क्षेत्रे आळीपाळीने बंद ठेवण्याची पद्धत नियमातच आली. जपानमध्ये ओखोत्स्क समुद्राच्या किनाऱ्यावर तर ही जवळपास शेतीच आहे: पाण्यात जाळीच्या पिशव्या सोडून त्यांत पिल्ले धरायची, वर्षभर वाढवायची, तळावरचे, स्कॅलॉप खाणारे तारामासे काढून ती पेरायची आणि साधारण चार भागांपैकी दरवर्षी एकाच भागात काढणी करायची. (ऑगस्ट २०२३ मध्ये चीनने जपानी सागरी उत्पादनांची आयात थांबवली, तेव्हा अडचण मालाची नव्हती, गिऱ्हाइकाची होती.)

बंदी म्हणजे रामबाण उपाय, असेही नाही. आइसलंडने २००३ मध्ये आपले मुख्य क्षेत्र बंद केले, तरी तेथील साठा दीर्घकाळ सावरला नाही. पेरूमध्ये १९८३ च्या एल निनोने (प्रशांत महासागराचे पाणी तापण्याने) पिस्कोजवळच्या उपसागरात स्कॅलॉपचे अमाप पीक आणले, तर २०१७ मध्ये किनाऱ्यालगतच्या एल निनोने सेचुराच्या उपसागरातील संवर्धन पार झोपवले. अशा चढउताराचे श्रेय किंवा दोष तेथील मच्छीमारांच्या पदरी कसा घालणार?

पुन्हा असा आलेख छापताना वजन कोणत्या स्वरूपातले, माल नैसर्गिक की संवर्धित आणि त्या वर्षी कोणती क्षेत्रे बंद होती, एवढे त्याच्या शेजारीच द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक