विमानांच्या खेळाला टाइमपास म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी एस.टी.चा निवृत्त वाहतूक नियंत्रक. गारगोटी, राधानगरी, गगनबावड्याच्या गाड्या फलाटाला लावण्यात उमेदीची वर्षं गेली. आता उजळाईवाडीत, विमानतळाजवळ राहतो. बारावी सायन्सला असलेल्या नातीनं मला 'एंडलेस एटीसी' हा हवाई वाहतूक नियंत्रणाचा खेळ शिकवला. पडद्यावर रडार आणि सरकणारे ठिपके. प्रत्येक विमानाला दिशा, उंची, वेग सांगून धावपट्टीच्या रेषेत आणायचं. दोन विमानांत ३ सागरी मैल, नाहीतर उंचीत १,००० फूट अंतर पाहिजेच. चुकला नाहीत की विमानं वाढत जातात.

गाडी फलाटावर दहा मिनिटं उभी करता येते, विमान उभं करता येत नाही. हे माझ्या अंगवळणी पडायला आठ दिवस लागले. मागचं विमान जोरात येतंय हे लांबूनच ओळखून त्याचा वेग उतरवावा लागतो. जवळ आल्यावर सुचलं, तर त्याला वळवून पुन्हा रांगेत घ्यायचं, आणि तोवर मागं आणखी तीन आलेली असतात. स्टँडवर आम्ही गर्दी झाल्यावर वाट काढायचो. इथं ती होण्याआधीच काढावी लागते.

त्या १,००० फुटांची किंमत मला हरियाणातल्या चरखी दादरीवर झालेल्या दोन विमानांच्या टकरीमुळं कळली. १२ नोव्हेंबर १९९६. कझाक विमानानं १५ हजार फुटांवर राहायचं होतं, समोरून सौदी विमान १४ हजारांवर. कझाक विमान खाली येत गेलं. ३४९ माणसं गेली. तेव्हा ती बातमी नुसती वाचली होती. खेळात पहिल्यांदा दोन ठिपके लाल झाले, तेव्हा ती आठवून हात थरथरला.

उजळाईवाडीची धावपट्टी ०७-२५ का म्हणतात, हेही नातीनंच सांगितलं: होकायंत्रावर साधारण ७० आणि २५० अंश, शेवटचं शून्य गाळायचं. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली सुरू केलेल्या या विमानतळाच्या कुंपणालगत आमच्या पोरी वाढतात. पण परवा तिच्या कॉलेजातल्या करिअर मार्गदर्शनात दोन तास फक्त नीट आणि जेईई. भौतिकशास्त्र-गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्यांनाही विमानतळ प्राधिकरणाच्या परीक्षेतून हवाई वाहतूक नियंत्रक होता येतं, हे कुणी सांगितलं नाही. "गेम खेळतेस होय?" एवढंच तिला ऐकवलं.

आपल्या शिक्षणाच्या पानावर या नोकरीची माहिती सविस्तर छापावी. परीक्षा, वयाची अट, प्रयागराजचं प्रशिक्षण, सगळं. कात्रण मी स्वतः कॉलेजात नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
उजळाईवाडी, कोल्हापूर