उत्तेजकांची बातमी छापता, तपासणाऱ्यांचीही नीट छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या करिअर पुरवणीत क्रीडाक्षेत्रातील संधींवर पानभर मजकूर होता. क्रीडा व्यवस्थापन, समालोचन, फिजिओ, आहारतज्ज्ञ, सगळं होतं. शेवटच्या चौकटीत चार ओळी होत्या: ‘डोपिंग नियंत्रण अधिकारी : नवे, प्रतिष्ठेचे, भरघोस पगाराचे करिअर’. त्या चार ओळींमुळे माझा फोन तीन दिवस वाजतो आहे. मी नागपुरातल्या एका फार्मसी कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलं. जुन्या विद्यार्थ्यांना अजून वाटतं की मॅडमना सगळं ठाऊक असतं. सगळं नाही, पण यातलं थोडंफार ठाऊक आहे, कारण माझी एक विद्यार्थिनी हे काम करते.

पहिला फोन तिच्याच धाकट्या भावाचा होता. “मॅडम, भरघोस म्हणजे किती जी? ताईला तर इतके नाही मिळत.”

तेव्हा आधी पगाराचंच बोलू. डोपिंग म्हणजे खेळाडूने बंदी असलेली द्रव्यं घेणं; ते शोधणाऱ्या उत्तेजक चाचणीचं काम आपल्याकडे ‘नाडा’ ही राष्ट्रीय संस्था पाहते. जागतिक संस्थेचं नाव ‘वाडा’. वर्गात ही दोन नावं उच्चारली की मागच्या बाकांवरून हमखास हसू फुटायचं, आणि मीही कधी दटावलं नाही. नाडाची स्थापना २००५ ची, प्रत्यक्ष काम २००९ पासून. मैदानावर जाऊन नमुने घेणारे बरेचसे अधिकारी हे नाडाच्या कायम नोकरीतले नसतात. त्यांना प्रशिक्षण देऊन पॅनेलवर घेतात आणि काम निघेल त्या दिवसाचं मानधन देतात. माझी विद्यार्थिनी एरवी एका रुग्णालयाच्या औषधविभागात नोकरी करते आणि बोलावणं आलं की रजा टाकते. याला जोडकाम म्हणतात. ते चांगलं आहे, अभिमानाचं आहे, पण बी.फार्म. झालेल्या मुलाने यावर घराचे हप्ते बांधू नयेत.

आता काम काय, ते. पुरवणीत ‘खेळाडूंचे नमुने गोळा करणे’ एवढंच होतं. त्या चार शब्दांत किती काय असतं!

खेळाडूला चाचणीची सूचना दिली त्या क्षणापासून एक सोबतीण किंवा सोबती त्याची पाठ सोडत नाही. याला ‘शॅपरोन’ म्हणतात. खेळाडू पदक घ्यायला जाईल, पत्रकारांशी बोलेल, पाय ताणेल; सोबती दोन पावलांवर. मग चाचणीची खोली. खेळाडू स्वतः भांडं निवडतो. लघवी देताना शर्ट छातीपर्यंत वर, बाह्या कोपरापर्यंत, पँट गुडघ्यापर्यंत खाली, आणि समोर साक्षीदार उभा. तो त्याच लिंगाचा असावा लागतो. म्हणजे महिला खेळाडूसमोर महिलाच. हे एक वाक्य पुरवणीने छापलं असतं तरी आमच्या मुलींचं भलं झालं असतं, कारण या कामाला बायका लागतातच लागतात. खेळाडू १८ वर्षांखालची असेल तर तिच्या बाजूचं मोठं माणूस सोबत राहू शकतं.

किमान ९० मिलिलिटर नमुना हवा. तो ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन क्रमांकित बाटल्यांत ओततो तो खेळाडूच, झाकण लावतो तोही खेळाडूच. अधिकाऱ्याने बाटलीला हात लावू नये, असाच रिवाज. मागच्या सात दिवसांत घेतलेल्या औषधांची नोंद फॉर्मवर होते. प्रयोगशाळेत जाणाऱ्या कागदावर खेळाडूचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो.

हे सगळं ऐकायला सरळ वाटतं. पण नागपुरातला मे महिना डोळ्यांपुढे आणा. पंचेचाळीस अंशात धावून आलेल्या पोरीच्या अंगात पाणी उरतं कुठे? नमुना येता येत नाही. मग ती बाटल्यांवर बाटल्या पाणी पिते, आणि आलेला नमुना इतका पातळ निघतो की चालत नाही. पुन्हा थांबा. माझ्या विद्यार्थिनीने एकदा एका खेळाडूसोबत चार तास काढले. बाहेर वडील चिडलेले, प्रशिक्षक घड्याळ दाखवतोय, आयोजक म्हणतात आता हॉलला कुलूप लावायचंय. या चार तासांत आवाज चढू द्यायचा नाही, खेळाडूला एकटं सोडायचं नाही, आणि ती गुन्हेगार आहे असंही तिला वाटू द्यायचं नाही. हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात नाही. अशा वेळी मला आमच्या ‘मेडिकल’मधल्या, म्हणजे शासकीय रुग्णालयातल्या, जुन्या नर्स आठवतात, त्यांनी हे काम डोळे मिटून केलं असतं.

खरी शास्त्राची कुस्ती प्रयोगशाळेत होते. वाडाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा साऱ्या जगात तीसेक आहेत, आणि आपल्या अख्ख्या देशात एक, दिल्लीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या आवारात. तिथे क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीची, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून ओळखणारी, यंत्रं दिवसरात्र चालतात. शरीरात तयार होणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक आणि बाहेरून टोचलेलं टेस्टोस्टेरॉन रेणू म्हणून एकच. मग फरक कसा ओळखायचा? त्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांचं, म्हणजे हलक्या-जड अणूंचं, प्रमाण मोजून. मी हे वर्गात सांगायची तेव्हा एरवी झोपणारी मुलंसुद्धा सरळ बसायची.

याच प्रयोगशाळेची मान्यता ऑगस्ट २०१९ मध्ये स्थगित झाली होती, निकषांत त्रुटी निघाल्या म्हणून. परत मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये. मधल्या काळात आपले नमुने तपासणीसाठी परदेशी पाठवावे लागले. तेव्हा आपल्या दैनिकासह सगळीकडे बातम्या आल्या, नामुष्की वगैरे शब्द आले. पण यंत्र बसवणं सोपं आणि ते वर्षानुवर्षं निकषावर चालवणारी माणसं घडवणं अवघड, हे त्यातून कोणी लिहिलं नाही. पुढे या प्रयोगशाळेने गुवाहाटीची नायपर ही औषधनिर्माण संस्था आणि जम्मूतली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची संस्था यांच्या मदतीने काही संदर्भ रसायनं देशातच तयार करून घेतली. बंदी असलेलं द्रव्य ओळखायचं तर त्याचा शुद्ध नमुना आधी हाताशी हवा, आणि तो बनवणं हे पक्क्या सेंद्रिय रसायनवाल्याचं काम. आमच्या एलआयटीत रसायन तंत्रज्ञान शिकणाऱ्या पोरांनो, ऐकताय ना?

मला म्हणायचंय ते इथेच. ‘डोपिंगमध्ये करिअर’ असा वेगळा बोर्ड शोधत दिल्लीला धावायची गरज नाही. ही विद्या नागपुरात पसरलेली आहे, फक्त तिला त्या नावाने कोणी ओळखत नाही. अमरावती रोडवर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आहे. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत पाण्यातल्या अंशमात्र प्रदूषकांचा शोध घेतात. हात तोच, फक्त नमुना वेगळा. प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, न्यायसहायक विज्ञान शिकवणारी शासकीय संस्था आहे. पुरावा कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला याची नोंद तुटली की खटला पडतो, हे तिथल्या मुलांना पहिल्या वर्षी शिकवतात. डोपिंगच्या खटल्यातही नेमकं तेच होतं. आधी यंत्र शिका. दिल्लीत जागा निघाली नाही तरी औषध कंपन्या, अन्नतपासणी, न्यायसहायक प्रयोगशाळा यांत ते हात रिकामे राहत नाहीत. वकील मुलांसाठीही इथे दार आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी कायदा झाला. शिस्तपालन समितीपुढे खेळाडूची बाजू मांडायची तर बाटल्यांचे क्रमांक आणि रसायनांची नावं दोन्ही वाचता येणारा माणूस हवा, आणि असे वकील मला तरी आमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात भेटलेले नाहीत.

काम नाही असं तर मुळीच नाही. वाडाच्या २०२४ च्या आकडेवारीत भारताचे ७,११३ नमुने तपासले गेले आणि त्यांतल्या २६० नमुन्यांचा निकाल खेळाडूविरुद्ध गेला, साडेतीन टक्क्यांहून जास्त. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य मैदानी स्पर्धेत नाडाची माणसं आल्याचं कळताच कित्येक खेळाडू पसार झाले; पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकटाच धावला. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला व्हायची आहे, म्हणजे नमुने घेणारी माणसं तोवर लागणारच.

पण सगळ्यात जास्त गरज, मला विचाराल तर, औषधाच्या दुकानात आहे. आमच्या प्रतापनगरातला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. व्यायामशाळेतल्या कोणीतरी त्याला ‘स्टॅमिन्याचं’ इंजेक्शन दिलं होतं. शिशी मागून पाहिली तर मेफेंटरमाइन. शस्त्रक्रियेत पाठीत भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणायला भूलतज्ज्ञ वापरतात ते. मी विचारलं, कुठून आणलं? “काकू, त्यात काही नाही जी, सगळेच घेतात.” डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध कोणत्यातरी काउंटरवरून त्याच्या हातात आलं होतं, आणि त्या काउंटरमागे फार्मसी शिकलेला माणूस असणार. माझाच विद्यार्थी असेल, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

खेळाडूच्या दृष्टीने दुकानातली साधी औषधंही साधी नसतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं द्रव्य असतं, त्यावर स्पर्धा असो-नसो, कायम बंदी आहे. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप चालतो, पण मर्यादेत. बीटा ब्लॉकर नावाच्या गोळ्या हृदयाचे ठोके मंदावतात, हात स्थिर करतात; कबड्डीपटूला त्यांचा काय उपयोग, पण धनुर्विद्येत त्यांना मनाई आहे. तिरंदाज ओजस देवतळेला पाहून आज नागपुरात कितीतरी मुलं धनुष्य उचलताहेत. बुद्धिबळपटू दिव्या देशमुखला पाहून पटावर बसलेल्या मुलांनाही चाचणीचे नियम लागू आहेत, हे त्यांच्या किती आईबापांना ठाऊक असेल? खरंच आजारी असणाऱ्या खेळाडूला आधी अर्ज करून उपचारासाठी सूट मिळते. नाडाचं औषधं तपासायचं मोबाइल ॲपही आहे. बंदी असलेल्या द्रव्यांची यादी दर १ जानेवारीला बदलते. मानकापूरच्या क्रीडा संकुलात येणाऱ्या प्रत्येक मुलाला हे समजावून सांगणारा एक फार्मासिस्ट तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी बसला, तर ते काम ‘करिअर’ म्हणून कुठल्याच पुरवणीत येणार नाही. मानधन किती, हेही मला आधीच माहीत आहे. शून्य. मी स्वतः बसायला तयार आहे, गुडघे दुखतात तरी. संकुलाला तसं पत्र आजच टाकलं आहे.

आपल्याला विनंती एवढीच: पुढच्या पुरवणीत ‘भरघोस पगाराचे’ हे दोन शब्द काढून दुरुस्ती छापावी, आणि त्याच जागेत महिला साक्षीदार लागतात हे वाक्य घालावं. माझा फोन तरी बंद होईल.

आपली,
एक निवृत्त फार्मसी शिक्षिका,
प्रतापनगर, नागपूर