खडीची खाण आणि विहिरीचं पाणी

नाशिक

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

खाण खोल गेली तशी विहीर आटत चालली, पाणीही गढूळ येतं, म्हणून तहसीलला अर्ज करायचं म्हणतोस. जरूर कर, पण आधी वही घाल. ‘यंदा पाऊसच कमी’ एवढं म्हटलं की असे अर्ज मागे पडतात. त्याला उत्तर आकड्यांनीच देता येतं.

आपल्याकडचं पाणी मुरमात, मांजऱ्यात (बारीक पोकळ्यांचा मऊ खडक) आणि खडकाच्या सांध्यांत असतं. अखंड काळा पाषाण कोरडाच. नाशिकजवळच्या सारूळसारखा डोंगर वरच्या वर कापला तर पाणी मुरायची जागा जाते. पण खाणीचा तळ विहिरीतल्या पाण्याच्या खाली गेला, की विहिरीचा पाझरच तिकडे वळतो. भर उन्हाळ्यात खाणीतून मोटारीने पाणी उपसत असतील, तर ते शिवारातलं भूजलच. ‘खाण तुमच्या विहिरीएवढीही खोल नाही’ हे खाणवाल्यांचं बोलणं ऐकून गप्प बसू नकोस. जमीन उंचसखल आहे, तेव्हा मोजणीवाल्याकडून डम्पी लेव्हल (जमिनीची उंचसखल पातळी मोजायची दुर्बीण) लावून खाणीचा तळ आणि विहिरीचं पाणी एकाच पातळीवरून मोजून घे.

कठड्यावर रंगाने एक खूण कर आणि नेहमी तिथूनच मोज. टेपला वजन बांध. रात्रभर मोटार बंद ठेवून पहाटे, दर आठवड्याला. महिन्यातून एकदा मोटार दोन तास चालवून बंद कर आणि दर 15 मिनिटांनी पाणी किती चढलं ते लिही. तेवढंच पाणी भरायला दर महिन्याला जास्त वेळ लागू लागला, तर झरे कमी झाले. खाणीपासून लांबच्या, तशाच खडकातल्या एका विहिरीचीही नोंद ठेव. पाऊस कमी असेल तर तीही तेवढीच उतरेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुमच्या भागातले ते आकडे मागून घे.

सुरुंगाच्या हादऱ्याने सांध्यांतली माती सुटते. सुरुंगाची वेळ लिहून ठेव, आणि आधी-नंतर काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर स्थिर ठेव. तळाशी करडी भुकटी बसली तर फोटो काढ. पाऊस पडल्यावरच गढूळ होत असेल, तर खाणीवरून येणारा ओहोळ बघ. तोवर प्यायचं पाणी तुरटी फिरवून निवळू दे आणि मगच क्लोरीन टाक. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं.

प्रयोगशाळेत नायट्रेटही तपासायला सांग. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, पण द्राक्षबागेतल्या खतातूनही नायट्रेट उतरतं. म्हणून खाणीच्या वरच्या अंगाच्या विहिरीचाही नमुना दे, नाहीतर तो आकडा काहीच सिद्ध करत नाही. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची. त्यावर गेलं तर तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी अजिबात नको. वहिनींना हे मुद्दाम सांग, कारण उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं.

मग तलाठ्याकडून पंचनामा करून घे. अर्जाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गौण खनिज शाखेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला दे. माहिती अधिकारात खाणपट्ट्याचा आदेश, खाणकाम आराखडा आणि पर्यावरण मंजुरी माग. किती खोल जायची मुभा आहे आणि भूजलाबद्दल काय अट घातली आहे, हे त्यातच सापडेल. डम्पी लेव्हलचा आकडा त्या अटीशेजारी ठेवूनच अर्ज लिही. मसुदा झाला की मला पाठव.

तुझा,
वसंत