गिअरबॉक्स खोलू देऊ नकोस

पुणे, रविवार रात्र

प्रिय संजू,

काल तू फोनवर म्हणालास, तुझी ऑटोमॅटिक गाडी थरथरते म्हणून गॅरेजवाला गिअरबॉक्स खोलायचं म्हणतोय आणि तू पैशांची जुळवाजुळव करतोयस. तेव्हापासून जीव लागत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या जुन्या ऑटोमॅटिकचं आठवतंय ना? बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, चांगले टायरही बदलले. थरथर तशीच. ती नेमकी कधी येते, हे मला कुणी विचारलंच नाही आणि मीही सांगितलं नाही.

तू आधी तेवढं बघ. चाकाची थरथर गाडीच्या वेगाशी बांधलेली असते. ८० ला ॲक्सिलरेटर सोडलास तरी स्टिअरिंग हलत राहतं. उभी गाडी ‘डी’ला (ड्राइव्हला) थरथरत असेल आणि ‘एन’ला (न्यूट्रलला) शांत होत असेल, तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं ते रबरी आधार, तपासायला सांग.

तुझं मात्र वेगळं दिसतंय. ६०-७० चा वेग, ॲक्सिलरेटरवर हलका पाय, आणि रम्बलरवरून गेल्यासारखी दोन-तीन सेकंद घरघर. मला लॉक-अप क्लचचा संशय येतो. एरवी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल असतं, बारीकसारीक धक्के तेच पचवतं. वेग स्थिरावला की हा क्लच दोघांना थेट जोडतो. तेल जुनं झालं की तो पकडतो-सुटतो, पकडतो-सुटतो.

मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, उजवा पाय तसाच ठेव आणि डाव्याने ब्रेकला नुसता स्पर्श कर, दिवा लागण्यापुरता. वहिनींना आरपीएमच्या काट्याकडे बघायला सांग. बहुतेक गाड्यांत एवढ्याने लॉक-अप सुटतो आणि काटा थोडा चढतो. त्याच क्षणी घरघर थांबली, तर दुखणं लॉक-अपच्या वेळचंच.

तरीही लगेच क्लचला दोष देऊ नकोस. इंजिन मिसफायर करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल, तर तेही तेव्हाच जाणवतं, कारण मधली तेलाची गादी गेलेली असते. माझ्या गाडीत शेवटी प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी एक इग्निशन कॉइल खराब निघाली! म्हणून आधी स्कॅनर लावून घे, प्लग बघ.

इंजिन ठीक असेल तर गिअरबॉक्सचं तेल बदल. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घे; ‘सगळं सारखंच असतं’ म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नकोस. एकदा ड्रेन केल्यावर बरंचसं तेल कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून थोडे दिवस चालवून पुन्हा बदलावं लागेल. काढलेलं तेल काळं आणि जळकट वासाचं असेल तर मला लगेच फोन कर.

शनिवारी सकाळच्या एसटीने मी येतोच. दोघं मिळून सिन्नरपर्यंत एक फेरी मारू.

तुझा,
अनिल